सागरतळदर्शनाचा बेत



नाताळची सुट्टी जवळ आली म्हणजे वरच्या वर्गांत कोठे जावे याचा खल सुरू होतो. एके काळी माथेरान, महाबळेश्वर, फार तर वेरूळ-अजिंठा, एवढ्यावर हा खल मिटत असे. अलीकडे मात्र आमच्या कानी एक नवे मागणे वारंवार येते : "सर, मालवणास जाऊन समुद्राच्या तळाचे प्रवाळ पाहावयाचे आहेत." त्यापाठोपाठ, बहुधा त्याच आठवड्यात, कोणी पालक आम्हांस गाठून हलक्या आवाजात विचारतात, "यात जिवाला धोका नाही ना?" मुलांचे मागणे रास्त आहे आणि पालकांची शंकाही तितकीच रास्त आहे. दोहोंस एकाच लेखात उत्तर द्यावे, म्हणून हा प्रपंच.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. डोळे व नाक झाकणारा काचेचा मास्क लावून, तोंडात एक वाकडी नळी धरून, पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगत खालचा तळ पाहणे, यास स्नॉर्कलिंग म्हणतात. नळीचे वरचे टोक हवेत असते, त्यामुळे डोके वर न काढता श्वास घेता येतो. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल उतरण्याची स्कूबा नावाची विद्या निराळी. तिला वेगळे शिक्षण लागते. मालवणचे नौकावाले दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात, म्हणून हा भेद आधीच ध्यानात असावा. या लेखात आम्ही केवळ तरंगून पाहण्याविषयीच लिहीत आहोत. शिवाय हा बेत शाळेच्या मोठ्या सहलीचा नसून, तीन-चार कुटुंबांनी आपापल्या मुलांसह मिळून जाण्याचा आहे, हेही येथेच सांगून ठेवतो.

आधी एक कटु गोष्ट

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणनजीक वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीस आलेले ८ जण बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ समुद्रतळ पाहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली व दोघे मृत्युमुखी पडले.

हे प्रसंग भीती घालण्यासाठी सांगितलेले नाहीत. त्यांतून एक गोष्ट शिकावयाची आहे. या तिन्ही प्रसंगांत मास्क लावून तळ पाहत असता कोणी दगावले नाही. पहिल्या दोन ठिकाणी मंडळी किनाऱ्यावरून सहज म्हणून पाण्यात उतरली होती. तिसऱ्या ठिकाणी पाहणे संपवून परतत होती, आणि हंगाम मिटावयास थोडेच दिवस उरले होते. म्हणजे ज्या अर्ध्या तासाची आपणांस भीती वाटते, त्यापेक्षा त्याच्या मागचे व पुढचे तास अधिक घातक ठरले. पाण्यात शिरताना मनुष्य सावध असतो, वाटाड्या जवळ असतो, अंगात जाकीट असते. जेवणानंतर पुळणीवर हिंडताना, किंवा परतीच्या होडीत दमून बसला असता, यांपैकी काहीच नसते. म्हणून सहलीचा आराखडा पाण्यातील अर्ध्या तासाचा न करता संपूर्ण दिवसांचा करावा, हे या लेखाचे मुख्य सूत्र होय.

कोठे जावे?

आमच्या उपनगरांतील मुलांस समुद्र अपरिचित नाही. अंधेरीकरांस जुहू व वर्सोवा, बोरिवलीकरांस गोराई, मुलुंड-घाटकोपरकरांस निदान ठाण्याची खाडी तरी ठाऊक असते. मग तळ पाहण्यास इतके दूर का जावे? कारण असे की, मुंबईच्या पाण्यात हातभर अंतरावरचेही दिसत नाही. ठाणे, वसई, मालाड व माहीम येथील खाड्या गाळ व सांडपाणी आणून ओततात. उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक अंतर पडते, आणि इतके पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर धावू लागले म्हणजे बसलेला गाळ पुन्हा ढवळून निघतो. तथापि मुंबईचा समुद्र निर्जीव आहे असे कोणी समजू नये. किनारी रस्त्याचे काम चालू असता, २०२० साली, वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती खडकांवरून उचलून दुसरीकडे बसविण्यात आल्या, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ओहोटीच्या वेळी जाणत्या माणसाबरोबर खडकाळ किनाऱ्यावर फिरावे. समुद्रफूल, खेकडे, शंखातील जीव तेथे भेटतात. मालवणास जाण्यापूर्वीचा पहिला धडा म्हणून हे फिरणे उत्तम.

दक्षिणेकडे जावे तसे भरती-ओहोटीतील अंतर कमी होते, खडक अधिक व चिखल कमी होतो. मालवण बंदरासमोर कुरटे नावाच्या बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. ज्या खडकांनी शत्रूची गलबते किल्ल्यापासून दूर ठेवली, तेच बुडालेले खडक आज प्रवाळांचे घर आहेत. १९८७ साली येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचा ३.१८ चौरस किलोमीटरांचा गाभा सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या भोवतालचा आहे.

लक्षद्वीप किंवा अंदमान येथे पाणी यापेक्षा पुष्कळ स्वच्छ असते, हे खरे. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांनीच बनलेली. तेथे नदी नाही, म्हणून गाळही नाही. परंतु तेथे जाण्यास प्रवेशाचा परवाना लागतो, कोचीहून जहाज वा विमान गाठावे लागते, आणि खर्चही मोठा येतो. पहिल्या धड्यास मालवण पुरे. मात्र चित्रांत पाहिलेले निळे काचेसारखे पाणी मनात धरून जाऊ नये. कर्ली नदी देवबागेजवळ समुद्रास मिळते व पावसाळ्यात भरपूर गाळ आणते. चांगल्या दिवशीही मालवणास काही मीटर अंतरापर्यंतच दिसते. तेवढ्यात पोपटमासा दगड कुरतडताना दिसला, पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे अंगावरून गेले, समुद्रफुलाचे हात हलताना दिसले, तरी वर्षभर पुरेल एवढे पाहिले असे समजावे.

केव्हा जावे?

हा प्रश्न मुंबईच्या सोयीने सोडवावयाचा नसून समुद्राच्या सोयीने सोडवावयाचा आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत किनाऱ्यावरील जलक्रीडा व प्रवासी नौका बंद असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात नौका सुरू झाल्या तरी पावसाळ्यातील गाळ पुरता बसलेला नसतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत वारा मंद व पाणी त्यातल्या त्यात निवळ असते. सुदैवाने नाताळची सुट्टी याच काळात येते. मे महिन्याची सुट्टी लांब असली तरी ती टाळावी. हंगामाच्या शेवटी समुद्राचा स्वभाव एका दिवसात पालटतो.

महिना ठरला, आता दिवस ठरवू. येथे पंचांगाचा उपयोग होतो. कोकणातील जुन्या मंडळींचा एक ठोकताळा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची सुमाराची वेळ निघते. अष्टमीस ८ ची पाऊणपट ६, म्हणून सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. एकादशीस सव्वाआठच्या सुमारास. द्वादशीस नऊच्या सुमारास. दोन्ही पक्षांत हाच हिशेब. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. भरतीची वेळ दररोज पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्र रोज तितकाच उशिरा उगवतो. या ठोकताळ्याचे मर्म हेच.

आता विचार करा. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास उधाण असते. पाण्याला ओढ फार व गाळही ढवळतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे पाणी सर्वांत शांत. परंतु त्या दिवशी सकाळभर ओहोटी चालू राहते. पाहण्यास उत्तम वेळ पूर्ण भरतीच्या आगेमागे, जेव्हा पाणी घटकाभर स्थिर राहते व समुद्राकडील स्वच्छ पाणी आत आलेले असते. शिवाय दुपारी समुद्रावरून वारा सुटून लाटा उठतात, म्हणून सकाळच हवी. या सर्व अटी एकत्र मांडल्या म्हणजे दशमी ते द्वादशी हे दिवस बरे असे निघते : भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान आणि उधाण अजून दूर. हा ठोकताळा स्थूल आहे, व बंदराबंदरात वेळ मागे-पुढे होते. म्हणून निघण्यापूर्वी मालवणचे भरतीचे कोष्टक पाहून खात्री करावी. परंतु कोष्टक का पाहावयाचे, हे ज्यास कळते तोच ते पाहतो.

साधने व त्यांमागील शास्त्र

विज्ञानाच्या तासास जे नियम तुम्ही पाठ करता, ते येथे प्रत्यक्ष भेटतात.

नळी आखूड का असते? मुले विचारतात की, एक मीटर लांब नळी केली तर एक मीटर खोल जाऊन श्वास का घेता येऊ नये? गणित करून पाहू. एक मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १०० ग्रॅम भार टाकतो. छातीचा पुढचा भाग ३० सेंटीमीटर लांब व ३० सेंटीमीटर रुंद धरला तर क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटीमीटर, आणि भार झाला ९० किलोग्रॅम. फुप्फुसांतील हवा तर नळीवाटे वरच्या हवेशी जोडलेली, म्हणजे तिचा दाब पृष्ठभागावरचाच. दोन मुले छातीवर बसली असता श्वास घेऊ पाहावे, तसा हा प्रकार होईल.

दुसरे कारण याहून सूक्ष्म आहे. स्वस्थ मनुष्य एका श्वासात सुमारे ५०० मिलिलीटर हवा घेतो. त्यातील सुमारे १५० मिलिलीटर घसा व श्वासनलिका यांतच राहते व उपयोगी पडत नाही. नळी २ सेंटीमीटर व्यासाची व ४० सेंटीमीटर लांब असली तर तिच्यात आणखी १२५ मिलिलीटर हवा मावते. ती आपण नुकतीच सोडलेली, वापरलेली हवा असते. म्हणजे अर्ध्याहून अधिक श्वास वाया गेला. घाबरून भराभर उथळ श्वास घेणारास धाप का लागते, हे यावरून कळेल. उपाय एकच : सावकाश व खोल श्वास. हा नियम पाण्यातील निम्म्या संकटांवर औषध आहे.

मास्कमध्ये नाक का झाकावयाचे? पाण्याचा दाब काचेस चेहऱ्यावर दाबतो. नाक आत असले म्हणजे नाकावाटे थोडी हवा सोडून तो दाब सारखा करता येतो. म्हणून पोहण्याचा साधा चष्मा येथे चालत नाही. मास्क नीट बसतो की नाही, हे पाहण्यास पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर तो पडला नाही तर मापाचा समजावा. काचेवर धुके धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळतात. हा उपाय अनेकांस किळसवाणा वाटेल, पण तो जगभर चालतो.

पाण्यात वस्तू जवळ व मोठ्या का दिसतात? काचेमागील हवेत शिरताना पाण्यातून आलेले किरण वाकतात. त्यामुळे वस्तू सुमारे पाव अंतराने जवळ व सुमारे एकतृतीयांशाने मोठी दिसते. ३० सेंटीमीटरांचा मासा ४० सेंटीमीटरांचा भासतो. परतल्यावर कोणी मोठ्या माशाची कथा सांगू लागला तर त्यास खोटा म्हणू नका. एवढा हिशेब मात्र वजा करा. तसेच तांबडा रंग पाणी सर्वांत आधी शोषून घेते, म्हणून खोल असलेली तांबडी वस्तू काळपट दिसते.

या साधनांहून महत्त्वाचे साधन म्हणजे लाइफ जॅकेट. उत्तम पोहणाऱ्यानेही ते घालावे. ते होडीत चढण्यापूर्वी धक्क्यावरच घालावे व परत धक्क्यावर उतरल्यावरच काढावे. वरील तिसऱ्या प्रसंगाची आठवण ठेवली म्हणजे याचे कारण निराळे सांगावयास नको. बंद व पट्टे मोठ्यांनी स्वतः ओढून पाहावेत; मोठ्या माणसाचे जाकीट लहान मुलास घातले तर मूल खाली राहते व जाकीट वर तरंगते.

शरीराची तयारी

बेत तीन महिने आधी ठरवावा असे आम्ही म्हणतो, ते गाडीच्या तिकिटांपेक्षा पोहण्याच्या सरावासाठी. अंधेरी, कांदिवली व मुलुंड येथे महापालिकेचे जलतरण तलाव आहेत. इतरत्रही शिकविणारे भेटतात. न थांबता ५० मीटर पोहणे व दहा मिनिटे न घाबरता पाठीवर तरंगणे, एवढे साधल्याखेरीज समुद्रात उतरू नये, असे आमचे मत आहे. मास्क व नळी यांचा पहिला अनुभवही तलावाच्या उथळ भागातच घ्यावा. नळीत पाणी शिरले असता जोराने फुंकर मारून ते बाहेर टाकण्याची सवय तेथेच व्हावी. समुद्रात पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेले असता मनुष्य नळी ओढून फेकतो व ओरडू पाहतो. सराव असलेला फुंकर मारतो व पुढे पाहू लागतो.

दमा, अपस्मार, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असल्यास वैद्यांस विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि अशी गोष्ट मुलांनी किंवा पालकांनी लपवू नये. त्या दिवशी सर्दी असल्यासही उतरू नये. कोण किती वेळ श्वास रोखतो, अशी पैज तर कदापि लावू नये. पैजेपूर्वी भराभर खोल श्वास घेण्याची मुलांस सवय असते. त्याने रक्तातील कर्बद्विप्राणिल वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, कमी होतो. श्वास घेण्याची निकड आपणांस त्या वायूमुळे कळते. तोच कमी झाला म्हणजे निकड कळण्यापूर्वीच प्राणवायू संपून शुद्ध हरपते. उत्तम पोहणारे तरुण अशा रीतीने उथळ पाण्यात दगावलेले आहेत.

न जाण्याचा निर्णय

आता पालकांस उद्देशून दोन शब्द. आराखड्यातील सर्वांत महत्त्वाची ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत. ती अशी : "समुद्र खवळलेला असल्यास, पाणी गढूळ असल्यास, किंवा कोणाची प्रकृती बरी नसल्यास आपण उतरणार नाही, आणि हे ठरविणारी व्यक्ती अमुक." ते नाव मुंबईतच ठरवावे. किनाऱ्यावर उभे राहून, पैसे भरलेले, मुले उतावीळ झालेली, होडी हाक मारीत असलेली, अशा वेळी सर्वानुमते निर्णय होत नसतो. "इतक्या दूर आलो, आता जाऊनच येऊ," या एका वाक्याने किती घरे दुःखात बुडाली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

त्या व्यक्तीस नाही म्हणणे सोपे जावे म्हणून दोन व्यवस्था कराव्यात. एक, मालवणास एक दिवस मोकळा राखावा, म्हणजे आजचे उद्यावर टाकता येते. दुसरी, नौकावाल्याशी ठरवितानाच विचारावे की, समुद्र बरा नसल्यास पैसे परत मिळतील काय. जो भला नौकावाला आहे तो स्वतःच सांगतो, "आज नको, पाणी बरोबर नाही." त्याचा शब्द मानावा. ज्याच्या घराण्याचे आयुष्य त्या पाण्यावर गेले, त्याच्याशी उपनगरातून आलेल्या माणसाने हुज्जत घालू नये. उलट, तो होडीत माणसे कोंबू लागला तर उतरून जाण्यासही संकोचू नये.

किनाऱ्यावरील तासांसाठी नियम थोडे व कडक असावेत. ठरलेल्या वेळेशिवाय व मोठ्या माणसाशिवाय कोणी घोट्यापलीकडे पाण्यात जावयाचे नाही. अनोळखी किनाऱ्यावर, विशेषतः नदीच्या मुखाजवळ, पोहावयाचे नाही. तेथे परतणाऱ्या पाण्याची ओढ वरून दिसत नाही. अशा ओढीत कोणी सापडलाच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये; किनाऱ्याशी समांतर सरकत ओढीबाहेर पडावे. पाण्यात प्रत्येकास एक जोडीदार असावा, व तो सदैव दृष्टीच्या टप्प्यात असावा. हात उंच करून हलविणे म्हणजे मदत हवी, ही खूण थट्टेसाठी कोणी करू नये.

प्रवाळांच्या घरी पाहुणे

प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे. लक्षावधी सूक्ष्म प्राणी चुन्याची घरे बांधून एकत्र राहतात, आणि त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांस पुरवितात. पाणी फार तापले म्हणजे ही शैवाले निघून जातात व प्रवाळ पांढरे पडतात. उपासमार लांबली तर मरतात. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या समुद्रांत अशी चौथी मोठी आपत्ती चालू असल्याचे जाहीर केले. अशा काळात आपल्या पायाची भर तीत पडू नये. मोठ्या गोलाकार प्रवाळांची वाढ वर्षास सुमारे एक सेंटीमीटर होते. हातभर उंचीचा प्रवाळ तुमच्या पालकांच्या वयाचा असू शकतो, आणि एका लाथेने मोडतो.

म्हणून प्रवाळांवर उभे राहू नये, हात लावू नये. यात आपलेही हित आहे. खडकांच्या फटींत काटेरी सी अर्चिन असतात, दगडासारखा दिसणारा विषारी मासाही असू शकतो. मालवणच्या समुद्रात विषारी सागरी सर्पही आहेत. ते आपण होऊन अंगावर येत नाहीत, पण त्यांस छेडू नये. मासे जवळ यावेत म्हणून काही जण पाव किंवा बिस्किटे टाकतात. तसे करू नका व नौकावाल्यासही नम्रपणे नको म्हणा. मासे खडकावरील शेवाळ खाऊन प्रवाळांस जागा मोकळी ठेवतात. पावाची चटक लागलेला मासा ते काम सोडतो. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा आणणे तर कायद्याने गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, जीत वाघ आहे, प्रवाळांचीही गणना आहे.

उन्हासाठी अंगास मलम चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उतरावे. पालथे तरंगताना पाठ भाजून निघते व पाण्याच्या गारव्यात ते कळत नाही. शिवाय काही मलमांतील द्रव्ये प्रवाळांस अपायकारक मानली जातात. हवाई बेटांनी अशा मलमांच्या विक्रीस १ जानेवारी २०२१ पासून बंदी केली आहे.

प्रवास व वेळापत्रक

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, आणि मालवण आमच्या उपनगरांस एका रात्रीच्या अंतरावर आले. मुलुंड-घाटकोपरकरांनी ठाण्यास गाडी धरावी. कोकणकन्या, मांडवी व तुतारी या गाड्या तेथे थांबतात व कुडाळासही थांबतात. अंधेरी-बोरिवलीकरांसाठी ऑगस्ट २०२४ पासून वांद्र्याहून वसईमार्गे मडगावास जाणारी गाडीही सुरू झाली. कुडाळाहून मालवण सुमारे तीस किलोमीटर. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ तिकिटे ६० दिवस आधी मिळू लागली आहेत. नाताळात गर्दी फार, म्हणून पंचांग पाहून दिवस ठरविला की ती तारीख मोजून ठेवावी.

चार दिवसांचा बेत आम्ही असा सुचवितो. पहिल्या दिवशी पोहोचून विश्रांती, व सायंकाळी नौकावाल्याची भेट, होडी व जाकिटे यांची पाहणी. दुसऱ्या दिवशी सकाळी हलकी न्याहारी करून, भरतीच्या अर्धा तास आधी होडीत; पाण्यात अर्धा ते पाऊण तास; दहाच्या आत धक्क्यावर. मालवणी जेवण त्यानंतर, आधी नव्हे. दुपारी विश्रांती, सायंकाळी लेखन. तिसरा दिवस मोकळा. आदल्या दिवशी उतरता आले असेल तर सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यात घालवावा. चौथ्या दिवशी परत. खर्चाचा अंदाज प्रवास, राहणे, जेवण, होडी व वाटाड्या, आणि अडीअडचणीसाठी राखीव, अशा पाच सदरांत मांडावा; राखीव सदर कापून बेत स्वस्त करू नये.

मुलांनी वही नेल्यावाचून जाऊ नये. पाहिलेल्या प्रत्येक जीवाचा आकार, रंग, तो काय करीत होता, व पाणी किती निवळ होते, हे त्याच दिवशी लिहावे. चांगल्या वह्या पुढील वार्षिकांकासाठी आम्ही आनंदाने पाहू.

स्वाध्याय

१. पंचांगात येत्या नाताळच्या सुट्टीतील दशमी, एकादशी वा द्वादशी कोणत्या तारखेस येते ते शोधा. पाऊणपटीच्या रीतीने भरतीची वेळ काढा व भरतीच्या कोष्टकाशी ताडून फरक किती पडला ते लिहा.

२. नळीचा व्यास २ सेंटीमीटरच ठेवून लांबी ८० सेंटीमीटर केली, तर ५०० मिलिलीटरच्या श्वासातील किती ताजी हवा फुप्फुसांत पोहोचेल?

३. मास्कमधून ६० सेंटीमीटर लांब भासलेला मासा वस्तुतः किती लांब असेल?

४. तुमच्या कुटुंबाच्या बेतात "न जाण्याचा निर्णय" कोणी घ्यावा, व का? हा प्रश्न आईवडिलांबरोबर बसून सोडवावा. त्याचे उत्तर वहीत नव्हे, घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे.